कोल्हापूर उद्यमनगरातलं ईसीएमचं दुकान: ट्रकचा ईसीएम तपासून, बदलून घेतला, सगळा अनुभव सविस्तर

ज्यांच्याकडं बीएस ४ किंवा बीएस ६ (धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे) गाड्या आहेत आणि ज्यांना कुणीतरी "ईसीएम गेलाय, बदलावाच लागंल" असं सांगितलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक छोटं दुकान आहे, ट्रकचे ईसीएम तपासणं, दुरुस्त करणं आणि बदलून देणं एवढंच काम करतात. मालकांनी नाव-नंबर नेटवर टाकू नका असं स्पष्ट सांगितलंय, आहे तेच काम आवरत नाही म्हणून, त्यामुळं नाव लिहीत नाही, पण उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला ट्रकच्या ईसीएमचं दुकान विचारलं तर बोट दाखवतात. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार.

गाडी आमची दहा चाकी, २०१८ चं मॉडेल, बीएस ४, कॉमन रेल इंजिन, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाईपमधनं डिझेल. काम म्हणजे मार्केट यार्डातनं गूळ भरायचा आणि गुजरातला टाकायचा, पुण्या-मुंबईवरनं सुरत, बडोदा, अहमदाबाद, सगळा ४८ नंबरचा हायवे. तक्रार सुरू झाली पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर. रिकामी गाडी कितीही पळवा काही नाही, भरलेली गाडी खंबाटकी चढायला लागली की आधी चेक लाईट, मग रेस (ॲक्सिलरेटर) दाबली तरी इंजिन उचलत नाही, मग गाडी जागेवर बंद. सेल (स्टार्टर) फिरतोय पण इंजिन घेत नाही. बाजूला लावून चहा-पाणी करेपर्यंत इंजिन निवतं आणि मग पहिल्या सेलला गाडी चालू, चेक लाईट पण गायब. गाडीवर मामा आहेत, पंचवीस-तीस वर्षं स्टेअरिंगवर गेलेला माणूस, ते सुरुवातीपासनं म्हणत होते, "मालक, ही गाडी गरम झाली की मरती, डिझेलचा प्रॉब्लेम असता तर सकाळी पण दाखवला असता." त्यांचं म्हणणं पुढं जाऊन शंभर टक्के खरं निघालं.

दुकानाकडं जायच्या आधी दोन ठिकाणी फिरून झालं होतं. एका ठिकाणी स्कॅनर लावला, रेल प्रेशर सेन्सरचा (डिझेलचा दाब मोजणारा) बिघाडाचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला, परत कोड आला म्हणून रेसचं पेडल बदललं, दोन्ही वस्तू नव्या आणि दोन्हीचे पैसे गेले. दुसऱ्या ठिकाणी, मोठं वर्कशॉप, त्यांनी स्कॅनर लावून दहा मिनिटांत सांगितलं ईसीएम गेलाय, नवीन ईसीएम प्रोग्रॅमिंग धरून लाखाच्या वर जाईल, आणि ऑर्डर दिली की परत घेणार नाही. वायरिंग बघितली का विचारलं तर उत्तर नाही, कपलरला (ईसीएमला वायरी जोडणारा सॉकेट) हात सुद्धा लावला नव्हता. ईसीएम खरंच गेला होता, ते नंतर सिद्ध झालं. पण का गेला ते त्यांनी बघितलंच नाही, आणि तसाच नवीन बसवला असता तर तो पण त्याच वाटेनं गेला असता, हे मला उद्यमनगरात डोळ्यानं बघायला मिळालं.

आता दुकानाबद्दल. पहिला नियम म्हणजे नुसता ईसीएम पिशवीत घालून नेला तर घेत नाहीत, गाडीसकट या म्हणतात. लांबच्या गाड्यांना हे त्रासाचं आहे पण मला तरी पटलं. मालक पन्नाशीचे असतील, बोलणं थोडकं, सोबत दोन पोरं आहेत ती पण चांगली तयार झालीत. गेल्या गेल्या त्यांनी आधी मामांना विचारलं, मला नाही. कुठं बंद पडते, किती वेळानं चालू होते, बंद पडायच्या आधी मीटरचे काटे पडतात का, लाईट मंद होतात का, पावसाळ्यात इंजिन कुठं धुतलं, मधी कुठं वेल्डिंग केलंय का, जंप लावलेला का. सगळं वहीत लिहून घेतलं. मग आधीच्या दोन्ही ठिकाणच्या स्कॅनचे फोटो मागितले, नशिबानं मामांच्या मोबाईलमधे होते.

फोटोत रेल प्रेशर, बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचा दाब), ऑइल प्रेशर आणि रेस पेडल असे चार कोड एकत्र होते आणि खाली एक पी ०६४१. भाऊंनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, त्या शेवटच्या कोडवर बोट ठेवलं. म्हणाले, "चार सेन्सर एका मिनिटात मरत नाहीत मालक, या चौघांना पाणी पुरवणारी टाकी बघायला पाहिजे." त्याचा अर्थ असा की हे सेन्सर २४ व्होल्टवर चालत नाहीत, ईसीएम आतनं ५ व्होल्टची सप्लाय तयार करतो आणि दोन-तीन लायनीतनं सेन्सरांना वाटतो, पी ०६४१ म्हणजे त्यातल्या पहिल्या लायनीची तक्रार. लाईन खाली बसली की तिच्यावरचे सगळे सेन्सर चुकीचं दाखवायला लागतात, ईसीएमला वाटतं सेन्सर गेले, आणि स्कॅनर वाचून पार्ट बदलणारे एकेक सेन्सर बदलत बसतात. आमच्या बिलात नेमकं हेच झालं होतं.

पण लाईन खाली बसण्याची तीन कारणं असू शकतात. एखादा सेन्सर आतनं शॉर्ट असंल आणि तो सगळ्यांना ओढत असंल, वायरिंग कुठंतरी घासून चासीला लागत असंल, किंवा ईसीएमच आतनं ५ व्होल्ट तयार करत नसंल. पहिली दोन कारणं खोटी ठरवल्याशिवाय तिसऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही त्यांची पद्धत, आणि यासाठीच मी हे लिहितोय.

सुरुवात बॅटरीपासनं. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या लोड टेस्ट केल्या, कारण बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सीरिजमधे असतात, एक कमजोर असली तरी एकत्र मीटर लावला की बेरीज बरी दिसते. सेल मारताना व्होल्टेज १९ च्या वर राहतं का बघितलं, इंजिन चालू करून अल्टरनेटर २८ च्या आसपास देतोय का बघितलं, टर्मिनल हलवून बघितली. इथं सगळं ठीक. मग बॅटरी काढून ठेवून कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरमधे ओहम मोजले, ६० आले. दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात ते समांतर म्हणून ६०, एकच सापडला तर १२० येतात म्हणजे कुठंतरी वायर तुटली आणि शून्याच्या जवळ आलं तर शॉर्ट. हे पण ठीक, पुढं.

मग ईसीएमचा कपलर काढला आणि इथं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली गोष्ट केली. मीटर बाजूला ठेवला आणि हेडलाईटचा २४ व्होल्ट ७० वॅटचा बल्ब घेतला. बल्बच्या वायरीच्या टोकाला जुन्या हार्नेसमधनं (वायरींच्या जुडग्यातनं) काढलेली त्याच मापाची पिन लावून ठेवलीय, कारण जाड टेस्टर कपलरच्या भोकात खुपसला तर आतली पकड सैल होते आणि नवीनच दुखणं तयार होतं. मेन रिले ईसीएमच्या हुकमानं चालतो, कपलर काढला की तो लागत नाही, म्हणून रिले ब्रिज केला (वायरनं थेट जोडला) आणि ईसीएमला येणाऱ्या एकेका पॉझिटिव्ह वायरवर बल्ब पेटवून बघितला. सगळीकडं लख्ख. मग उलटं, बॅटरीच्या प्लसवरनं एकेका अर्थिंगच्या वायरला. आमच्या गाडीत ईसीएमला अर्थिंगच्या तीन वायरी येतात. दोनवर बल्ब लख्ख पेटला, तिसऱ्यावर नुसता लालसर. त्याच वायरला मीटर लावून दाखवला तर मीटर म्हणतोय पूर्ण २४, सगळं चांगलं. मीटर अगदीच थोडा करंट घेतो, वायरीत केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं, बल्बला तीन अँपिअर लागतात म्हणून खरं काय ते बल्ब सांगतो. ज्यांच्याकडं वर्कशॉपमधे नुसता मीटर लावून "करंट येतोय की" म्हणतात त्यांनी हा बल्बचा प्रयोग आपल्या समोर करायला लावा, खर्च शून्य.

ती तिसरी वायर कपलरपासनं मागं चाचपत गेले. वीतभर अंतरावर टेप गुंडाळलेली, टेप काढली तर वायरच्या इन्सुलेशनवर बारीक टोचल्याची भोकं. कुणीतरी कधीतरी टाचणी टोचून करंट चेक केला होता आणि वरनं टेप मारून सोडून दिलं होतं. भाऊंनी ब्लेडनं इन्सुलेशन उभं चिरलं. आत तांबं दिसायला पाहिजे तिथं हिरवी-काळी पूड, बोटात घेतली तर चुरगळत होती, आणि ते भोकापुरतं नव्हतं, कपलरच्या दिशेनं पार पिनपर्यंत तसंच. पाणी भोकातनं आत गेलं की वायरच्या बारीक तारांमधनं वातीतल्या तेलासारखं ओढलं जातं, आणि वायर जिथं संपते तिथं जातं, म्हणजे ईसीएमच्या पिनेवर. बाहेरनं कपलरचा रबर सील एकदम चांगला, बाहेरनं पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा, आणि पाणी आलं वायरच्या पोटातनं. पावसाळाभर वॉशिंग सेंटरला प्रेशरनं इंजिन धुतलेलं, वरनं घाटातला पाऊस. ते बघून मामा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

तिथल्या पोरानं ईसीएमची बाजू पण दाखवली, मोबाईलचा टॉर्च मारून. कपलरच्या पिनांच्या दोन ओळी चकचकीत आणि त्या कोपऱ्यातल्या चार-पाच पिनांच्या बुडाशी हिरवट-पांढरा थर. त्यातली एक पिन सेन्सरच्या ५ व्होल्टची.

एवढं सापडल्यावर मला वाटलं आता ईसीएम उघडणार, पण नाही. आधी त्या वायरचा खराब भाग अख्खा बदलला, म्हणजे नुसता पीळ देऊन टेप मारून नाही, चांगल्या तांब्यापर्यंत मागं जाऊन तिथनं नवीन वायर, क्रिंप करून वरनं आत गोंद असलेली हीट श्रिंक, आणि कपलरची पिन नवीन. बाकीच्या पिना क्लीनरनं साफ केल्या. मग परत सगळं जोडून गाडी चालू केली, आणि ईसीएमवर हीट गन धरली. घाटाला जायची गरजच नाही, घाटातली गरमी इथंच देऊ म्हणाले. इंफ्रारेड थर्मामीटरनं वरच्या कव्हरचं तापमान बघत बघत पाऊणशे-ऐंशी डिग्रीपर्यंत आणलं, चांगला ईसीएम एवढं सहज सोसतो, इंजिनवर बसलेला असतो तेव्हा त्याला एवढी धग असतेच. आणि बघता बघता चेक लाईट लागली, इंजिन अडखळलं आणि बंद. स्कॅनरवर तेच चार कोड आणि तोच पी ०६४१. हजारो रुपयांचं डिझेल जाळून खंबाटकीत जे दिसायचं ते दुकानाच्या दारात दिसलं.

मग त्या लायनीवरचे सेन्सर एकेक करून कपलरमधनं काढले. सेन्सर शॉर्ट असता तर तो काढल्यावर ५ व्होल्ट परत आले असते. नाही आले. तरीही ईसीएमचं नाव घेईनात. ईसीएम गाडीवरनं काढला, आत टेबलावर नेला, बेंच सप्लायवर फक्त पॉझिटिव्ह, अर्थिंग आणि चावीची वायर एवढंच जोडलं, आमच्या गाडीची एकही वायर नाही. थंड असताना ५ व्होल्टच्या पिनेवर बरोबर पाच. गरम करायला लागल्यावर चार पॉईंट सहा, चार पॉईंट एक, मग साडेतीनच्या खाली आणि स्कॅनरशी बोलणं बंद. थंड करायचा स्प्रे मारला की परत पाच. मला आणि मामांना दोन वेळा करून दाखवलं आणि मग म्हणाले, "आता बोला ईसीएम गेलाय."

उघडायचं काम मला बघू दिलं. अॅल्युमिनियमचं कव्हर सिलिकॉननं चिकटवलेलं असतं, सावकाश गरम करून पातळ पात्यानं सोडवतात, घाई केली तर बोर्ड वाकतो आणि आतले सोल्डर तडकतात. आत बोर्डवर संरक्षक लेप असतो तरी कपलरच्या त्या कोपऱ्यात लेपाच्या खालनं हिरवं शिरलेलं, आणि ते सप्लायच्या मोठ्या चिपच्या पायांपर्यंत गेलेलं. मायक्रोस्कोपखाली दोन पायांना तडे दिसले. साफ करून, सोल्डर नवीन करून त्यांनी परत गरम करून बघितलं, सुधारणा झाली पण पूर्ण नाही, व्होल्टेज थोडं हलत राहिलं. तेव्हा त्यांनी समोर बसवून तीन पर्याय सांगितले.

एक, हाच बोर्ड, चिप बदलून. कमी पैशात होईल पण गंज बोर्डच्या आतल्या थरात किती गेलाय ते बाहेरनं दिसत नाही, त्यामुळं गॅरंटी देणार नाही, जवळपास वाळू-खडी मारणारी गाडी असती तर दिला असता, गुजरातला जाणाऱ्या गाडीला देत नाही. दोन, त्याच नंबरचा वापरलेला पण तपासलेला ईसीएम, त्यात आमचा डेटा घालून, सहा महिने गॅरंटी. तीन, कंपनीचा नवीन, पण तो कोरा येतो, चासी नंबरप्रमाणं कंपनीच्या सर्व्हरवरनं सॉफ्टवेअर भरावं लागतं म्हणून त्यांच्याच वर्कशॉपला जा, मी वायरिंग नीट करून दिलीय त्यामुळं आता नवीन बसवला तरी टिकेल. गिऱ्हाईक सोडून जाईल असा पर्याय स्वतःहून सांगणारा माणूस या धंद्यात मला तरी क्वचित भेटलाय.

आम्ही दुसरा घेतला. आणि इथं वापरलेला ईसीएम घेणाऱ्यांनी नीट वाचा. "सेम टू सेम दिसतोय" यावर ईसीएम घ्यायचा नसतो. लेबलवर हार्डवेअरचा नंबर असतो, बॉशचे डिझेलचे असतील तर ०२८१ नं सुरू होणारा दहा आकडी, तो जुळायलाच पाहिजे. सॉफ्टवेअर आपल्या गाडीचं घालता येतं, हार्डवेअर बदलता येत नाही. आणि नुसता तिकडचा ईसीएम इकडं बसवला तर गाडी कदाचित चालू पण होईल, पण त्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर, दुसऱ्या गाडीचे नोझल कोड, कदाचित दुसरं इंजिन रेटिंग. नोझल कोडचं महत्त्व खूप लोकांना माहीत नाही. कॉमन रेलच्या प्रत्येक नोझलवर कारखान्यातनं एक कोड छापलेला असतो, तो नोझल किती डिझेल कमी-जास्त मारतो त्याचा हिशोब, ईसीएम त्याप्रमाणं प्रत्येक सिलिंडरची वेळ सुधारून घेतो. चुकीचे कोड राहिले तर गाडी आयडलला हलते, धूर काढते, ॲव्हरेज जातं, आणि मग आपण नोझल खराब समजून पंपवाल्याकडं जातो.

त्यांनी आमच्या जुन्या ईसीएममधला सगळा डेटा वाचून काढला, प्रोसेसरमधला मुख्य सॉफ्टवेअर आणि बाजूच्या मेमरीतलं चासी नंबर, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक), नोझल कोड, इंजिनाचे तास वगैरे. आमचा ईसीएम थंड असताना जिवंत होता म्हणून हे शक्य झालं. पूर्ण मेलेला असता तर हे काम अवघड होतं, म्हणून ज्यांची गाडी अधूनमधून अशी बंद पडतेय त्यांनी पार बंद पडायची वाट बघू नये. वाचलेल्या डेटाची एक कॉपी पेनड्राईव्हवर मला दिली, मागितली नव्हती तरी.

दुसरा ईसीएम बसवायच्या आधी तो पण टेबलावर रात्रभर चालू ठेवून मधी मधी गरम करून बघितला. मग बॅटरी काढून, कपलर लावून, लिव्हर लॉक बसल्याचा आवाज ऐकून, तारीख घातलेलं सील मारलं. चावी लावल्यावर लगेच सेल मारू दिला नाही, आधी स्कॅनरवर सगळे सेन्सर थंड इंजिनला काय दाखवतात ते वाचलं, कूलंटचं आणि हवेचं तापमान एकसारखं यायला पाहिजे, बूस्ट बाहेरच्या हवेएवढा, रेस पेडल शून्यापासनं शंभरपर्यंत न तुटता. नोझलवरचे कोड टॉर्च मारून प्रत्यक्ष वाचून स्कॅनरवरच्या कोडशी जुळवले. मग चालू. रेल प्रेशर किती मागितलंय आणि किती मिळतंय हे दोन्ही आकडे एकमेकांना धरून चालले होते, आयडलला पण आणि रेसला पण. परत हीट गन. काही नाही, ५ व्होल्ट पाचच.

एक गोष्ट समोर घडली ती पण सांगतो. आमचं काम चालू असताना एक गाडीमालक आले, बीएस ६ गाडीचा डीईएफ (धूर साफ करायला सायलेन्सरमधे मारतात ते द्रव) बंद करून द्या आणि स्पीड लिमिटर काढून द्या म्हणाले, तोंडाला येईल ते पैसे द्यायची तयारी होती. भाऊंनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. डीईएफ बंद केला की गाडी बीएस ६ राहतच नाही, आणि ८० चा लिमिटर मोटार वाहन नियमात ११८ नंबरला आहे, उद्या कुठं अपघात झाला आणि क्लेममधे ईसीएम तपासला तर मालक आणि मी दोघं जाणार, एवढंच बोलले. मला हे फार आवडलं. ज्या हातात आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर द्यायचं तो माणूस असाच पाहिजे.

पैशाचं. तपासणीचे अडीच हजार वेगळे घेतात, काम करा अगर नका करू, काम केलं तर बिलातनं वजा करत नाहीत. काहींना ते खटकेल, मला योग्य वाटलं, कारण खरी अक्कल तिथंच लागली. वायरिंग, ईसीएम, डेटा, सगळं धरून चाळीस हजाराच्या आत झालं. पक्कं बिल मिळालं, त्यावर दोन्ही ईसीएमचे नंबर लिहिलेत. त्यानंतर गाडी भरून गुजरात करून आलीय, खंबाटकी आणि भोर घाट दोन्ही भर उन्हात चढली, मामांनी वरनं फोन करून सांगितलं चेक लाईट नाही म्हणून.

अर्धा मार्क कापला तो दोन गोष्टींसाठी. फोन उचलत नाहीत, अजिबात नाहीत, आणि पोरांकडं निरोप ठेवला तर उलटा फोन येईल याची खात्री नाही, गाडी उभी असलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. दुसरं म्हणजे जागा. उद्यमनगरातल्या त्या गल्लीत दहा चाकी वळवणं म्हणजे दोन क्लीनर लागतात, दिवसा तर टेम्पो आणि कास्टिंगच्या रिक्षांनी रस्ता भरलेला, गाडी रात्री आणून लावावी लागली आणि तोवर शेजारच्या शटरवाल्याशी बोलाचाली झाली. हायवेला शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडं एखादा शेड घेतला तर लोकांची मोठी सोय होईल, मी त्यांना सांगून आलोय. वेळ पण लागतो. घाईत असाल आणि आज काढून आज बसवून पाहिजे असेल तर तिथं जाऊ नका, चिडचिड होईल.

वेल्डिंगचं मात्र सगळ्यांनी लक्षात घ्या, त्यांच्याकडं शेल्फवर मेलेल्या ईसीएमची ओळ लागलीय आणि त्यातले बरेच वेल्डिंगनं मेलेत असं म्हणाले. बॉडीला, चासीला कुठंही वेल्डिंग करायचं असलं तर बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढा, ईसीएमचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथं टाका मारायचाय त्याच्या शेजारी लावा, लांब दुसऱ्या टोकाला नको. चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी काढू नका, ईसीएम थोडा वेळ जागा असतो, मेमरीत लिहीत असतो, दोन-तीन मिनिटं थांबा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची जुनी सवय काही फिटर लोकांना आहे, अल्टरनेटर चेक करायला म्हणून, त्यांना तिथंच थांबवा, त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम खाऊन जातं. आणि वायरला टाचणी कुणालाही टोचू देऊ नका, टोचलीच असेल तर ती जागा शोधून नीट सील करून घ्या.

जाणार असाल तर आधीच्या स्कॅनचे फोटो, आरसी आणि गाडीवर जो ड्रायव्हर असतो तोच माणूस सोबत न्या, मालक एकटा गेला तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. काम झाल्यावर जुना ईसीएम मागून घ्या, ते देतात, आमचा घरी कपाटात ठेवलाय.